हॉस्पिस सेवेची प्रत मोजायची कशी? राजधानी परिसरातील अनुत्तरित प्रश्न

सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिला. त्या निकालात घालून दिलेली किचकट कार्यपद्धती न्यायालयानेच २४ जानेवारी २०२३ रोजी काहीशी सोपी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णांची जीवरक्षक साधने काढून घेण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर केला. या साऱ्या चर्चेत यंत्र केव्हा थांबवावे हा प्रश्न मध्यभागी राहिला. यंत्र थांबवल्यानंतर, किंवा ते मुळात लावायचे नाही असे ठरल्यानंतर, रुग्णाचे उरलेले दिवस कोणाच्या हाती सोपवायचे आणि ते हात जाणते आहेत की नाहीत हे कसे ओळखायचे, याविषयी फारच थोडे बोलले गेले.

दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. उत्तर भारतातील कर्करुग्णांचा मोठा ओघ उपचारांसाठी दिल्लीकडे येतो. त्यांपैकी अनेकांचा आजार निदानाच्या वेळीच पुढच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो. काही महिन्यांच्या उपचारांनंतर एके दिवशी डॉक्टर सांगतात की, आता रुग्णाला घरी न्या आणि सेवा करा. ही सेवा नेमकी कोणती, ती कोण देईल आणि चांगली सेवा कशाला म्हणावे, हे सांगणारे कोणी त्या बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी सहसा नसते. कुटुंबाला निर्णय दोन-तीन दिवसांत घ्यावा लागतो आणि तो शेजाऱ्याने किंवा एखाद्या परिचारिकेने दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर अवलंबून असतो.

राजधानीत काय उपलब्ध आहे?

आधुनिक हॉस्पिसची कल्पना लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये १९६७ साली आकाराला आली. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिका केलेल्या सिसिली साँडर्स यांनी तेथे एक साधी गोष्ट मांडली. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात भीती असते, पैशांची विवंचना असते, अर्धवट राहिलेली नाती असतात आणि देवाशी चाललेले भांडणही असते. भारतात ही कल्पना १९८६ मध्ये मुंबईच्या वांद्रे येथील शांती आवेदना सदनाच्या रूपाने आली. त्याच संस्थेची केंद्रे पुढे गोवा आणि दिल्ली येथे सुरू झाली. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानाचे उपशामक सेवा केंद्र विनामूल्य चालते.

दिल्लीने मात्र स्वतःची वेगळी वाट शोधली. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये कॅनसपोर्ट ही संस्था स्थापन केली आणि रुग्णाला खाटेकडे आणण्याऐवजी सेवा रुग्णाच्या घरी नेण्याची पद्धत रुजवली. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक असे तिघांचे पथक घरी जाते आणि शुल्क घेत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एम्सच्या, कर्करोग रुग्णालयात उपशामक वैद्यकाचा विभाग आहे. या विषयातील एम.डी. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये, तर एम्समध्ये २०१६ मध्ये सुरू झाला. हरियाणात झज्जर येथे एम्सचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

या जुन्या संस्थांच्या जोडीला आता एक मोठा व्यावसायिक बाजार उभा राहिला आहे. गुरुग्राम, नोएडा आणि दक्षिण दिल्लीत घरपोच परिचारिका, भाड्याची खाट, ऑक्सिजन यंत्र, इतकेच काय घरात थाटलेला अतिदक्षता कक्षही मिळतो. त्यांपैकी अनेक सेवा आपल्या नावापुढे 'पॅलिएटिव्ह' हा शब्द लावतात. हा शब्द कोणी लावावा यावर कसलेही बंधन नाही. बारा तासांसाठी पाठवलेल्या अप्रशिक्षित अटेंडंटलाही तो लावता येतो आणि खरोखर शिकलेल्या पथकालाही. बिल मात्र दोन्हींकडे सारखेच भारदस्त दिसते.

कायदा जागेकडे पाहतो

दिल्लीत खासगी रुग्णालयांची नोंदणी १९५३ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होत आली आहे. उत्तर प्रदेश आणि हरियाणा यांनी वैद्यकीय आस्थापनांसंबंधीचा २०१० चा केंद्रीय कायदा स्वीकारला. म्हणजे रुग्ण लक्ष्मीनगरात राहतो की वैशालीत, यावरून त्याच्या सेवेला लागू होणारा कायदा बदलतो आणि या दोन वस्त्यांमधील अंतर मेट्रोने काही स्थानकांचेच आहे. पण याहून मोठी अडचण वेगळी आहे. या कायद्यांची नजर मुख्यतः इमारतीवर असते. खाटा किती, दोन खाटांमध्ये जागा किती, परिचारिका किती, कचऱ्याची विल्हेवाट कशी, अशी ती विचारपूस असते. ती आवश्यक आहेच. परंतु हॉस्पिस सेवेचा मोठा भाग जेथे घडतो ती जागा म्हणजे रुग्णाचे घर होय आणि तेथे कोणताही निरीक्षक जात नाही.

त्यामुळे कुटुंबेही नकळत इमारतीच्याच निकषांनी विचार करू लागतात. स्वच्छ फरशी, बाग, वातानुकूलन आणि प्रार्थनेची खोली पाहून मन निवते. याला कोणी दोष देऊ नये, कारण भेट देणाऱ्याला डोळ्यांनी दिसणारे एवढेच असते. वेदना मात्र रात्री दोन वाजता उठते आणि त्या वेळी बागेचा काही उपयोग नसतो.

पहिली कसोटी मॉर्फिनची

हॉस्पिस सेवेची प्रत एकाच प्रश्नावर तपासायची झाली तर तो प्रश्न तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनचा असावा. ते संस्थेकडे आहे का, वर्षभरात किती दिवस संपलेले होते आणि ते कोण लिहून देते? या उत्तरांतून जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

याला इतिहास आहे. अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आल्यानंतर देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर कोसळला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोंवर आला. प्रत्येक राज्यात निरनिराळे परवाने लागत, त्यांपैकी एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे आणि कारकुनी चुकीलाही दहा वर्षांच्या शिक्षेची धास्ती असे. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मग हे औषध ठेवणेच सोडून दिले. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फिन न हाताळताच पदवी घेतली.

२०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना अत्यावश्यक मादक औषधांचा दर्जा दिला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. पण कायदा बदलला म्हणून सवय बदलतेच असे नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतातील रुग्णांना मिळणारी या वर्गातील वेदनाशामके प्रत्यक्ष गरजेच्या केवळ ४ टक्के होती. अमेरिकेत हेच प्रमाण गरजेच्या तिसाहून अधिक पट होते. तेथे अतिवापराने वेगळेच संकट ओढवले, हे खरे. भारतातील रुग्णाची व्यथा मात्र अगदी उलट टोकाची आहे.

औषध आहे एवढ्यावरही थांबता येत नाही. ते वापरायचे कसे, यातून पथकाचे शिक्षण उघड होते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दुखेल तेव्हा घेण्याऐवजी घड्याळ लावून घ्यायची असते. मधेच कळ उठली तर द्यायची जादा मात्रा आधीच ठरवून, लिहून आणि घरातल्या माणसाला समजावून ठेवलेली असावी लागते. या औषधाने बद्धकोष्ठ जवळजवळ हमखास होतो, त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करतात. एखाद्या डॉक्टरने मॉर्फिन लिहिले आणि रेचक लिहिले नाही, तर त्याचे या विषयातील शिक्षण अपुरे राहिले आहे असे समजण्यास हरकत नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण चार दिवस पोट साफ न झालेला रुग्ण गोळीच नाकारतो, वेदना परत येते आणि मॉर्फिन चालत नाही असा निष्कर्ष घरात काढला जातो.

दुसरा पुरावा कागदावर मिळतो. वेदनेला शून्य ते दहा यांमधील आकडा देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. एडमंटन येथे तयार झालेल्या तक्त्यात वेदनेबरोबर थकवा, मळमळ, धाप, भूक, झोप, चिंता आणि उदासी यांनाही असेच आकडे दिले जातात. पथक पहिल्या भेटीत आकडा लिहिते का, हा अर्धाच प्रश्न झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत तो पुन्हा लिहिला का, आणि आठवरून तीनवर आला का, हे पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात २००५ पासून अशा आकड्यांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. रुग्णाची अवस्था अचानक बिघडली तर दहांपैकी नऊ रुग्णांना तीन दिवसांच्या आत पुन्हा स्थिर करता यावे, असे तेथील एक मानक आहे. आपले पथक या मानकाच्या किती जवळ आहे, हे तेथील संस्थेला ठाऊक असते. दिल्लीतील बहुतेक कुटुंबांना असे काही मोजता येते याचीच कल्पना नसते.

समाधानाचे आकडे फसवे का ठरतात?

सेवा कशी वाटली, असे कुटुंबालाच विचारावे, हा सोपा मार्ग वाटतो. तो निरुपयोगी नाही, पण त्यात खोच आहे. ज्याने सेवा घेतली तो उत्तर द्यायला उरलेला नसतो. उत्तर देतो तो मुलगा, सून किंवा पत्नी. ज्या पथकाने पैसे न घेता वडिलांच्या जखमा धुतल्या, त्याच्याविषयी कोणी तक्रार लिहीत नाही. शिवाय राजधानी परिसरात अनेक रुग्ण हॉस्पिसपर्यंत पोहोचतात तेच अखेरच्या काही दिवसांत. उशिरा आलेल्या रुग्णाची वेदना आटोक्यात आली नाही, तर दोष हॉस्पिसचा की त्याला उशिरा पाठवणाऱ्या रुग्णालयाचा? उलट, चेहऱ्यावर उघडी जखम झालेला, दुर्गंधी येणारा किंवा भ्रमात ओरडणारा रुग्ण जी संस्था दारातूनच परत पाठवते, तिचे आकडे नेहमी उत्तम दिसतात. कोणाला घेतले याइतकेच कोणाला नाकारले याचे रजिस्टर महत्त्वाचे असते.

परदेशांनी यावर उपाय शोधले आणि त्यांचीही मर्यादा दिसून आली. इंग्लंडमध्ये हॉस्पिसची तपासणी करणारा आयोग सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, गरजेला धावून येणारी आणि नीट चालवलेली आहे का, असे पाच प्रश्न विचारतो आणि अहवाल सर्वांसाठी खुला करतो. अमेरिकेत सरकारी विमा १९८० च्या दशकापासून हॉस्पिसचा खर्च उचलतो. तेथे २०१५ पासून मृत रुग्णांच्या कुटुंबीयांचे सर्वेक्षण होते आणि २०२२ पासून त्यावर आधारित तारे प्रत्येक संस्थेच्या नावापुढे झळकतात. एवढी व्यवस्था असूनही, २०१२ ते २०१६ या काळात तपासलेल्या हॉस्पिसपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी किमान एक तरी त्रुटी आढळली, असे तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचा तेथे सुळसुळाट झाला आहे. गुरुग्रामकडे पाहताना हा अनुभव विसरता येणार नाही.

तरीही अमेरिकेच्या मोजमापांतील एक मोजमाप दिल्लीने उचलण्यासारखे आहे. आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस परिचारिका किंवा समाजसेविका प्रत्यक्ष भेटीला आली का, एवढेच ते विचारते. यात मत नाही, भावना नाही, केवळ तारीख आहे. आणि ती खोटी लिहिणे कठीण आहे.

भारताकडे स्वतःचे निकष नाहीत असा समज मात्र चुकीचा ठरेल. केरळमधील पॅलियम इंडिया या संस्थेच्या पुढाकाराने देशातील तज्ज्ञांनी उपशामक सेवेसाठी किमान निकषांची यादी तयार केली आणि काही केंद्रांनी तिच्या आधारे स्वतःची तपासणीही केली. ही माहिती भारतीय नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अत्यावश्यक आणि इष्ट असे निकषांचे दोन गट तिच्यात आहेत. वेदनेची नोंद, मॉर्फिनचा अखंड पुरवठा, प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका या गोष्टी पहिल्या गटात मोडतात. यादी भारतीय परिस्थितीला साजेशी आहे. तिची अडचण एवढीच की ती स्वेच्छेची आहे. ज्या संस्था तिच्याकडे वळतात त्या बहुधा आधीच चांगल्या असतात आणि त्यांनीही स्वतःला दिलेले गुण रुग्णाच्या कुटुंबासमोर मांडावेत असे कोठे म्हटलेले नाही.

अंतर, रात्र आणि भाषा

राजधानी क्षेत्राची भूगोलानेच घातलेली एक परीक्षा आहे. एखादे पथक नजफगडहून निघून दुपारी फरिदाबादला पोहोचणार असेल, तर दिवसाला त्याच्या किती भेटी होतील? एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गुरुग्राम, फरिदाबाद आणि गाझियाबादकडील सीमा वेळोवेळी बंद करण्यात आल्या, तेव्हा हा प्रश्न अगदी उघडा पडला. एरवीही भेटींमधील अंतर महत्त्वाचे असतेच, परंतु त्याहून महत्त्वाचे असते ते दोन भेटींच्या मधल्या रात्री दूरध्वनी कोण उचलते हे. रुग्णाची फाईल पाहिलेली परिचारिका उचलते की कॉल सेंटरमधील मुलगा? रुग्णालयात दाखल करा, हे एकच उत्तर मिळत असेल तर ती हॉस्पिस सेवा नव्हे. धाप लागलेल्या रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध पहाटे रुग्णवाहिकेत घालून आणीबाणी विभागात नेले गेले आणि तेथे त्याच्या घशात नळी घातली गेली, अशा घटना शेवटच्या आठवड्यात घडतात, त्या याच क्षणी घडतात. अशा वेळी काय करायचे याचा कागद आधीच तयार करून उशाशी ठेवणे हे चांगल्या पथकाचे काम असते.

घरी झालेल्या मृत्यूचा दाखला हा असाच दुर्लक्षित विषय आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारणाचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात द्यायचे असते. हा डॉक्टर कोण, हे ठरलेले नसले तर रात्री अकरा वाजता मुलगा गल्लीतल्या दवाखान्यांची दारे ठोठावत फिरतो. सेवा सुरू होण्यापूर्वीच हा प्रश्न विचारणे अनेकांना अशुभ वाटते. तो पथकाने आपण होऊन काढावा, यातच त्याचे जाणतेपण आहे.

भाषेचाही विचार व्हायला हवा. दिल्लीत हयात घालवलेला माणूसही अखेरच्या दिवसांत पुष्कळदा मातृभाषेकडे परततो. भोजपुरी, बांगला, पंजाबी किंवा पहाडगंज-करोलबागेतील जुन्या घरांतली मराठी समजणारे कोणी पथकात नसेल, तर वेदनेचा आकडाही धड विचारता येत नाही. निदान घरच्या माणसाला दुभाषा बनवण्याचे धोके तरी पथकाला माहीत असावेत, कारण घरचा माणूस अनुवाद करताना गाळतो. बाबांना आजाराचे नाव कळू द्यायचे नाही, ही विनंती बहुतेक घरांत केली जाते. चांगला समुपदेशक ती झटकून टाकत नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवत नाही. रुग्णाला किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे तो रुग्णाकडूनच हळूहळू काढून घेतो. बहुधा त्याला सारे आधीच कळलेले असते. याच घरात रात्रंदिवस कूस बदलून देणारी सून किंवा मुलगी असते. तिच्या पाठदुखीची, झोपेची, सुटलेल्या नोकरीची चौकशी कोणत्या पथकाने केली, आणि मृत्यूनंतर महिन्याभराने तिला दूरध्वनी केला का, याला गुणवत्तेच्या मोजमापात जागा मिळायला हवी.

पैशांचा भाग थोडक्यात सांगता येतो. आरोग्यविम्याची बांधणी मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती झाली आहे. त्यामुळे घरच्या स्वस्त सेवेचा खर्च खिशातून जातो, तर अतिदक्षता कक्षाचे अवाढव्य बिल विमा भरू शकतो. धर्मादाय संस्था विनामूल्य सेवा देतात, परंतु त्यांच्या पथकांची संख्या देणग्यांवर ठरते.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. महाराष्ट्राने त्याच वर्षी राज्याचे धोरण स्वीकारले. केरळने तर ते २००८ मध्येच केले होते आणि ग्रामपंचायतींमार्फत घरोघरी सेवा नेली होती. मृत्यूसमयीच्या सेवेच्या जागतिक क्रमवारीत भारत २०१० मध्ये ४० देशांत शेवटचा आणि २०१५ मध्ये ८० देशांत ६७ वा होता, त्या वेळी केरळचा उल्लेख अपवाद म्हणून झाला. दिल्लीत पैसा आहे, देशातले नामवंत रुग्णालय आहे आणि पाव शतकाहून अधिक अनुभव असलेल्या स्वयंसेवी संस्था आहेत. सेवेच्या प्रतीचा सार्वजनिक हिशेब मात्र कोणीही ठेवत नाही.

सुरुवातीसाठी नव्या कायद्याची गरजही नाही. २०१५ च्या नियमांनुसार मॉर्फिन बाळगणाऱ्या प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेला साठ्याची नोंदवही ठेवावी लागते आणि वर्षाचे विवरण औषध नियंत्रकाकडे पाठवावे लागते. कोणत्या संस्थेने वर्षभरात किती मॉर्फिन रुग्णांना दिले, याची माहिती त्यामुळे दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तिन्ही सरकारांच्या कपाटांत जमा होते. ती जिल्ह्यानुसार आणि संस्थेच्या नावानिशी दरवर्षी प्रसिद्ध करता येण्यासारखी आहे. 'पॅलिएटिव्ह' अशी पाटी लावलेल्या ज्या संस्थांच्या नावापुढे शून्य दिसेल, त्यांना पुढचा प्रश्न विचारायला रुग्णांच्या कुटुंबांना तज्ज्ञांची गरज पडणार नाही.